एसओएस औषधाचे सहा तास : आमच्या हॉस्पिटलच्या व्यवस्थापनाला खुलं पत्र

प्रति,
मेडिकल डायरेक्टर सर, क्वालिटी कमिटी आणि आमच्याकडे पेशंट ॲडमिट करणारे सगळे कन्सल्टंट

सर, मॅडम,

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, मिरजेत आहे एवढं पुरे, पत्र तुमच्यापर्यंत पोचेलच. माझंही नाव लिहीत नाही कारण सर्क्युलरच्या शेवटच्या ओळीत मेमोचा उल्लेख आहे आणि मला नोकरी हवीय.

सर्क्युलर म्हणजे ते एसओएस औषधांचं, जे सगळ्या नर्सिंग स्टेशनवर लागलंय. बाहेरच्या वाचणाऱ्यांसाठी सांगते. एसओएस म्हणजे गरज पडली तरच द्यायचं औषध. दुखलं तर, ताप आला तर, उलटी झाली तर. रेग्युलर औषधाची वेळ ठरलेली असते, बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, पण एसओएसची वेळ पेशंटचं शरीर ठरवतं. डॉक्टर साधारण असं लिहितात, इंजेक्शन ट्रामाडोल (हे दुखणं थांबवायचं औषध) ५० मिलिग्रॅम, ४ ते ६ तासांनी, एसओएस. आता नवीन नियम असा आलाय की जिथं ४ ते ६ लिहिलंय तिथं ६ समजायचं, सहा तास पूर्ण झाल्याशिवाय पुढचा डोस नाही, आणि कुठलाही एसओएस डोस देण्याआधी आरएमओंना, म्हणजे ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांना, फोन करून परवानगी घ्यायची आणि ट्रीटमेंट शीटवर त्यांची सही घ्यायची. नाहीतर मेमो.

हे कशामुळं आलं तेही आम्हाला माहितीय. इन्स्पेक्शनच्या आधी फाइल ऑडिट झालं, त्यात निघालं की एकाच पेशंटची एकच ऑर्डर तीन शिफ्टच्या सिस्टरनी तीन प्रकारे वाचली. एकीनं चार तास झाले की घड्याळ लावून दिलं, दुसरीनं पेशंट कळवळत असताना सहा तास थांबवलं, तिसरीनं मधलं पाच धरलं. ऑडिटचं हे म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. माझं भांडण उपायाशी आहे. तुम्ही त्या तिघींमधली जी सर्वात चुकीची पद्धत होती तीच नियम करून टाकलीत.

जरा शांतपणे बघा की. ४ ते ६ तासांनी, एसओएस, ह्या ऑर्डरीतला ६ नक्की काय काम करतो? चार तासांनी दुखलं तर देता येतं. पाच तासांनी दुखलं तर पाच तासांनी. नऊ तासांनी दुखलं तर नऊ तासांनी आणि दुखलंच नाही तर द्यायचंच नाही. म्हणजे ६ ला काहीच काम नाही, तो सवयीनं लिहिला जातो, पुस्तकात औषधाचा असर चार ते सहा तास टिकतो असं असतं म्हणून तसाच ऑर्डरीत उतरतो. खरं काम करतो तो ४. दोन डोसमध्ये कमीत कमी एवढं अंतर ठेवा, त्याच्या आत देऊ नका, असं तो सांगतो. आणि दुसरा एक आकडा काम करतो जो आपल्याकडं जवळजवळ कुठल्याच शीटवर लिहिलेला नसतो, तो म्हणजे २४ तासांत जास्तीत जास्त किती. सर्क्युलरनं कामाचा आकडा पुसला, बिनकामाचा पक्का केला आणि जो नव्हताच तो अजूनही नाहीच.

तुम्ही म्हणाल सहा तास म्हणजे सेफ साइड. हेच आम्हाला मेट्रन मॅडमनी पण सांगितलं. म्हणून इथं थोडं सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते सगळ्यात धोक्याची समजूत हीच आहे.

पॅरासिटामॉलच घ्या, आपल्या वॉर्डात पाण्यासारखं जातं. मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर नाही. एक ग्रॅमची बाटली सहा सहा तासांनी चार वेळा लावली तर बरोबर ४ ग्रॅम, बसलं गणित, सगळे खूश. पण त्याच पेशंटला ऑर्थोच्या सरांनी ट्रामाडोल आणि पॅरासिटामॉलची जोडगोळी टीडीएस लिहिलेली असते, तिच्यात ३७.५ मिलिग्रॅम ट्रामाडोल आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. तीन गोळ्यांचे झाले ९७५. म्हणजे तुमचा सहा तासांचा नियम तंतोतंत पाळून त्या माणसाच्या लिव्हरवर जवळजवळ पाच ग्रॅम गेलं, आणि शीट बघाल तर एकही टाइम चुकलेला नाही, ऑडिटला फुल मार्क. दोन वेगवेगळे कन्सल्टंट, दोन वेगवेगळ्या रेषेवर लिहिलेली औषधं, एकाचं नाव ब्रँडचं आणि दुसऱ्याचं औषधाचं, कोण बेरीज करणार? सध्या तरी ती बेरीज एखादी सिस्टर रात्री दोन वाजता पेननं हातावर करते.

मग वजन. १०० मिलीच्या बाटलीत १ ग्रॅम असतं आणि आपल्याकडं सर्रास अख्खी बाटली लागते. जतकडची, कवठेमहांकाळकडची एखादी आज्जी ४० किलोची असते, कधी त्याहून कमी. ५० किलोच्या आतल्या माणसाला किलोमागं १५ मिलिग्रॅम हा हिशेब आहे, म्हणजे तिला एका वेळी ६०० मिलिग्रॅम, बाटलीतलं ६० मिली. तिला सहा तासांनी अख्खी बाटली दिली काय आणि आठ तासांनी दिली काय, प्रत्येक डोस जास्तच आहे. ह्याबद्दल सर्क्युलरमध्ये एक शब्द नाही.

आणि ट्रामाडोल. दिवसाला ४०० मिलिग्रॅमची मर्यादा, पण ७५ च्या पुढच्या माणसाला ३०० च्या वर जायचं नाही. १०० मिलिग्रॅम सहा तासांनी दिलं तर दिवसाचे ४०० होतात, ऐंशीच्या आजोबांना ते जास्त आहे, नियम पाळूनच जास्त आहे. ज्याला पूर्वी फिट येऊन गेलीय त्याला तर ट्रामाडोल देतानाच विचार करावा लागतो. ह्यातलं काय घड्याळ बघून कळतं? सहा तास थांबवल्यानं पेशंट सेफ होत नाही, फक्त फाइल एकसारखी दिसते.

आता आरएमओंच्या फोनचं. आरएमओ सरांबद्दल मला तक्रार करायची नाही, ती पोरं आमच्याइतकीच भरडली जातात. रात्री तीन मजल्यांना एकच आरएमओ, कॅज्युअल्टी पण त्यांच्याकडंच, नवीन ॲडमिशन पण त्यांच्याकडंच, आयसीयूत काही झालं की तेच पळणार. वरच्या मजल्यावर हर्नियाचा पेशंट दुखतंय म्हणून रडतोय आणि सर खाली ॲक्सिडेंटच्या केसला टाके घालतायत, ग्लोव्ह्ज घातलेल्या हातानं फोन कसा उचलणार ते? उचलला तरी काय बोलणं होतं हे सगळ्यांना माहितीय. "सर, बेड नंबर अमुकला एसओएस द्यायचंय." "द्या सिस्टर, द्या." बीपी विचारत नाहीत, श्वास विचारत नाहीत, आधी काय गेलंय विचारत नाहीत, कारण त्यांना वेळ नाही आणि त्यांनी पेशंट बघितलेला नाही. मग ह्या फोननं नक्की कुठली तपासणी वाढली? वाढला तो फक्त उशीर. सह्या तर सकाळी राउंडच्या आधी एकदम होतात, ओळीनं, एकाच पेननं. उद्या काही बरंवाईट झालं तर कोर्टात त्या सह्यांना काय किंमत राहील ह्याचा विचार तुमच्या लीगलवाल्यांनी केलाय का? आणि तेव्हा औषध कुणी टोचलं असं विचारतील तर बोट माझ्याकडंच येणार, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन माझं आहे, सर्क्युलरचं नाही.

दुखणं थांबवून ठेवल्यावर काय होतं ते सर्जन लोकांना मी सांगणं म्हणजे जरा जास्तच, पण लिहिते, वाचणारे इतरही आहेत. पोटाच्या ऑपरेशनचा पेशंट दुखतंय म्हणून खोकत नाही, खोल श्वास घेत नाही, मग छातीत कफ साठतो. गुडघा बदललेल्या मावशी फिजिओथेरपिस्ट आला की पाय उचलायलाच तयार नसतात. आम्ही आधी काय करायचो, ड्रेसिंग किंवा चालवायच्या आधी अर्धा तास बघून, चार तास झालेत ना ते तपासून डोस द्यायचो, म्हणजे पेशंट उभा राहायचा. आता पाचव्या तासाला फिजिओ आला तर तो परत जातो, आणि सहाव्या तासाला औषध दिलं तेव्हा पेशंट औषध घेऊन पडून राहतो. एसओएस म्हणजे पाटाच्या पाण्याची पाळी नव्हे, की ठरल्या दिवशी सोडायचं आणि तोवर पीक वाळलं तरी बघत बसायचं.

त्यात आपल्याकडची माणसं. शून्य ते दहामध्ये किती दुखतंय विचारलं तर तासगावकडचा शेतकरी म्हणतो, "काय न्हाई ओ सिस्टर, चालतंय," आणि बेडची कड घट्ट धरून बसलेला असतो. अथणी, चिकोडीकडनं आलेल्या आज्ज्यांना मराठी धड येत नाही, आमच्यातल्या पोरी मोडकंतोडकं कन्नड बोलून काढून घेतात. कण्हणं, कपाळावरच्या आठ्या, पल्स, कूस बदलतोय का नुसता ताठ पडलाय, हे सगळं बघून ठरतं द्यायचं की नाही. ते बघायला बेडपाशी कोण असतं? फोनवर कोण असतं?

आणि न देण्याचा निर्णयसुद्धा आम्हीच घेतो हे कुणी लक्षात घेत नाही. नातेवाईक मागं लागलेत, सिस्टर इंजेक्शन द्या, इंजेक्शन द्या, चार तास होऊन गेलेत, ऑर्डर आहे, पण पेशंट गुंगीत आहे, हाक मारली तर अर्धवट डोळे उघडतोय, श्वास मिनिटाला दहावर आलाय, तर आम्ही देत नाही, डॉक्टरांना बोलावतो. किडनीचा त्रास असलेला असेल, घोरण्याचा आजार असेल, दुपारी झोपेचं औषध गेलेलं असेल, तर आणखी जपून. हेच तर एसओएस ऑर्डरीचं काम आहे. सर्क्युलर आल्यापासून उलटंच होऊ लागलंय, नवीन पोरी घाबरून सहा तास झाले की झोपलेल्या पेशंटला उठवून विचारतात, दुखतंय का ओ, कारण पुढचा चान्स परत सहा तासांनी आणि परत फोन. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, होऊन नुकत्याच लागलेल्या ह्या पोरी आहेत, त्यांना विचार करायला शिकवायचं का घड्याळ बघायला, हे तुम्ही ठरवा.

कन्सल्टंट मंडळींसाठी पण दोन शब्द, राग मानू नका. नुसतं "पॅरासिटामॉल एसओएस" लिहून जाता. तापाला का दुखण्याला? तापाला असेल तर किती डिग्रीच्या वर? एका शीटवर दुखण्यासाठीच पॅरासिटामॉल एसओएस, डायक्लोफेनॅक एसओएस, ट्रामाडोल एसओएस, तिन्ही एकाखाली एक. आधी कुठलं? एक देऊन थांबलं नाही तर दुसरं किती वेळानं? डायक्लो दिवसाला १५० मिलिग्रॅमच्या वर नको, क्रिएटिनिन वाढलेल्याला, म्हणजे किडनी कमी चालणाऱ्याला, तर टाळायलाच हवं, पण शीटवर तसं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी राउंडला "सीएसटी", म्हणजे तेच उपचार चालू ठेवा, असं लिहिलं की जुनंच सगळं पुढं चालू. गोळ्यांचं तसंच, "१ ते २ गोळ्या" लिहिता, एक दिली, तासाभरानं अजून दुखतंय तर दुसरी त्याच डोसमध्ये धरायची का तास नव्यानं मोजायचे, हे कुणीच कधी सांगितलेलं नाही. ऑडिटमध्ये जो गोंधळ दिसला त्यातला अर्धा इथून सुरू होतो, आणि सर्क्युलर मात्र फक्त नर्सिंग स्टेशनवर लागलं, डॉक्टरांच्या रूममध्ये मला तरी ते दिसलं नाही.

मॉर्फिन, फेंटानिल ह्यांचं वेगळं. ती कुलपात, त्यांचं रजिस्टर, दोन सह्या, ते असायलाच हवं आणि आम्ही ते पाळतो. त्याच्या विरोधात मी एक शब्द बोलत नाहीये. पण तोच धाक उलटीच्या ऑनडान्सेट्रॉनला आणि तापाच्या पॅरासिटामॉलला लावून काय मिळवलं? उलटी होणाऱ्या बाईला आरएमओंचा फोन लागेपर्यंत बेसिन धरून बसवायचं?

इन्स्पेक्शनवाल्यांना रेंज, म्हणजे "४ ते ६ तास" किंवा "१ ते २ गोळ्या" असं लिहिणं, चालत नाही असं कुणीतरी मीटिंगमध्ये सांगितलं म्हणे. अमेरिकेत जॉइंट कमिशन नावाची संस्था हॉस्पिटलं तपासते, तीसुद्धा रेंज ऑर्डरवर बंदी घालत नाही. ती मागते ती लेखी पॉलिसी, की अशा ऑर्डर तुमच्याकडं कशा लिहायच्या, कशा वाचायच्या, आणि मग सगळ्यांनी तशाच वाचल्या पाहिजेत. तिथल्या पेन मॅनेजमेंट, म्हणजे दुखण्यावरचे उपचार बघणाऱ्या, नर्सेसच्या संघटनेनं आणि अमेरिकन पेन सोसायटीनं २००४ मध्ये एकत्र निवेदन काढलं होतं, तेही सरळ मॉर्फिनच्या गटातल्या औषधांबद्दल. नीट लिहिलेल्या रेंजमध्ये पेशंटला तपासून किती द्यायचं हे प्रशिक्षित नर्स ठरवू शकते, असं त्यात आहे. तिकडं मॉर्फिनसाठी जे चालतं ते इकडं पॅरासिटामॉलसाठी चालत नाही, बघा.

ह्यात नर्सला डॉक्टर व्हायचंय असा कुणी अर्थ काढू नये. ऑर्डर डॉक्टरांची, मर्यादा डॉक्टरांच्या, आम्हाला त्या मर्यादांच्या आत काम करायचंय, फक्त त्या लिहा. १८९४ ला मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी मिरजेत हॉस्पिटल काढलं तेव्हापासून लोक सांगली, कोल्हापूर, बेळगाव, विजापूर असे चारी बाजूंनी ह्या गावात बरं व्हायला येतात. गावाचं नाव डॉक्टरांमुळं झालं हे खरंच, पण रात्रभर बेडपाशी कोण होतं हेही बघा की.

आमच्या मागण्या सरळ आहेत.

"४ ते ६ म्हणजे ६" हे वाक्य सर्क्युलरमधून काढा. त्याऐवजी एसओएसमध्ये वेळेची रेंज लिहिणंच बंद करा आणि "कमीत कमी अंतर इतके तास" असा एकच आकडा लिहायला लावा. रेंज लिहिलेली जुनी ऑर्डर आली तर लहान आकडा हेच कमीत कमी अंतर, असं सगळ्या शिफ्टना एकसारखं लेखी सांगा.

प्रत्येक एसओएस ऑर्डरमध्ये कारण, डोस, कमीत कमी अंतर आणि २४ तासांतली मर्यादा पाहिजेच. एकाच कारणासाठी दोन औषधं असतील तर आधी कुठलं ते पाहिजे. डॉक्टरांना केव्हा बोलवायचं तेही. ह्यातलं काही नसेल तर ऑर्डर अपुरी समजून परत विचारायचा हक्क सिस्टरला असेल, आणि विचारलं म्हणून ओरडा बसणार नाही. ट्रीटमेंट शीट नव्यानं छापा, त्यात हे रकाने येऊ देत. पेशंटचं वजन वरच्या कोपऱ्यात ठळक, आणि पॅरासिटामॉलच्या दिवसभराच्या बेरजेला वेगळा रकाना, जोडगोळ्या धरून.

साध्या एसओएस औषधांसाठी आरएमओंच्या परवानगीची अट काढा. मर्यादा संपली असेल, औषध देऊन दुखणं कमी झालं नसेल, पेशंट गुंगीत असेल, तर फोन करणं कंपल्सरी ठेवा, आणि त्या फोननंतर आरएमओंनी बेडपाशी येणं पण कंपल्सरी ठेवा.

डोस दिल्यावर परत बघणं नोंदीत आणा, इंजेक्शन असेल तर अर्ध्या तासात, गोळी असेल तर तासाभरात, किती दुखतंय, जागा कसा आहे, श्वास किती. हे काम आमचं वाढेल, चालेल, पण त्यासाठी रात्री सर्जिकल वॉर्डला एक सिस्टर वाढवून द्या, ही मागणी ह्याच्यापासून वेगळी करून बाजूला ठेवू नका.

नवीन पोरींना आणि नवीन आरएमओंना एकत्र बसवून ह्याचं ट्रेनिंग द्या. भूलतज्ज्ञ मॅडमना सांगा, त्या छान शिकवतात.

आणि ह्या सर्क्युलरवरून जे मेमो निघाले असतील ते मागं घ्या.

मीटिंगला बोलवा, नाव घेऊन समोर येते, माझ्याबरोबर दोन्ही सर्जिकल वॉर्डच्या सिस्टर येतील. फक्त ती सकाळी आठला ठेवू नका, तेव्हा ओव्हर, म्हणजे एका शिफ्टनं दुसरीला पेशंट सोपवणं, चालू असतो. दुपारी अडीच-तीनला जमेल, सकाळच्या मुली सुटलेल्या असतात आणि नाइटवाल्यांची थोडी झोप झालेली असते.

आपली,
एक स्टाफ नर्स
सर्जिकल वॉर्ड, मिरज